डावा डोळा, शेड बी-वन

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मनातलं वगैरे लिहायला नाही. शास्त्रीय कामासाठी.

विषय: माझे कोरडे डोळे आणि बाजारात मिळणारे थेंब.

निदान माझं मीच केलं. बारीक अक्षर धूसर दिसतं, संध्याकाळी डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं. दिवसभर पोर्सलीन घासतो, धूळ उडते, समोर भट्टी. डोळे कोरडे पडणार नाहीत तर काय होणार? इंटरनेटवर पाहिलं. सगळी लक्षणं जुळली. न जुळणारी दोन होती, ती सोडून दिली.

ही म्हणाली, डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, डोळा या विषयात मला कोण शिकवणार? मी दात बनवतो. म्हणजे आमच्या मॅडम, त्या दातांच्या डॉक्टर, खाली दवाखान्यात दात तासून माप घेतात आणि वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये मी त्यावर बसणारी कॅप बनवतो. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग असा जुळवतो की घरच्या माणसालाही फरक कळू नये. लॅबचं नाव माझ्या डोळ्यांवर चालतं. मॅडमही हे मानतात. बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

गेल्या आठवड्यात एक कॅप परत आली. शेड पिवळी म्हणे. पेशंटने मधल्या काळात बाकीचे दात घासले असणार.

पद्धत ठरली. शेड जुळवताना आमचा पहिला नियम असा की दोन वस्तू शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. तेव्हा एका डोळ्यात एक थेंब, दुसऱ्या डोळ्यात दुसरा. जो हरेल तो बाद. एका वेळी दोन्ही डोळ्यांत एकच औषध घालणारे लोक कशावरून काय ठरवतात, देव जाणे.

७ मार्च, शनिवार

पहिली फेरी.

निळं झाकण (उजवा डोळा): पाण्यासारखं. घातल्या घातल्या बरं वाटतं, मग गालावरून ओघळून शर्टावर. शर्टाचा कोरडेपणा गेला.

हिरवं झाकण (डावा डोळा): जाड, जेल म्हणतात. आराम जास्त वेळ टिकतो, पण घातल्यावर जग लोण्यात बुडाल्यासारखं दिसतं. त्या अवस्थेत एका कॅपला चमक दिली. ती दाढ होती, मी सुळा समजलो.

शिवाय टोक तोडून वापरायच्या छोट्या कुप्या. यांत टिकवणारं रसायन नसतं, म्हणून एकदा उघडून वापरायची आणि टाकायची. मी अर्धी उरवून फ्रिजमध्ये ठेवली. हिने फेकली. शास्त्राला घरातूनच विरोध.

१२ मार्च, गुरुवार

मोठा प्रश्न सुटला.

प्रश्न असा होता की मोजायचं कशाने? खोक्यावर ‘आराम’ लिहितात. आराम मोजता येत नाही. हा विचार करत लॅबमध्ये बसलो होतो आणि हातात शेड-पट्टी होती. पोर्सलीनच्या नमुना-दातांची माळच ती. प्रत्येक दाताला अक्षर आणि आकडा, आकडा लहान तितका दात पांढरा. बी-वन सगळ्यांत पांढरा, पुढे पिवळट, करडे, मातकट. पेशंटच्या दाताशेजारी नमुना धरायचा, जुळला की झालं.

मग आरसा घेतला आणि पट्टी डोळ्याशेजारी धरली.

डोळ्याचाही एक पांढरा भाग असतोच की! उजवा निघाला ए-थ्री, डावा ए-थ्री-अँड-हाफ. दोन्ही लालसर. आता दर आठवड्याला शेड घ्यायची. ज्या थेंबाने डोळा पांढरा होईल तो श्रेष्ठ. इतकं साधं, आणि मोठमोठ्या कंपन्यांना सुचलं नाही.

शेजारच्या टेबलावर मेणाचे दात कोरणारी बाई बसते. आम्ही तिला मेणबाई म्हणतो. ती बघत होती. म्हणाली, डोळ्याला कॅप बसवताय की काय? मी लक्ष दिलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

स्पर्धेत अनपेक्षित उमेदवार.

सासरेबुवा हल्ली आमच्याकडे असतात. गेल्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, छान झालं. त्यांची थेंबांची छोटी बाटली फ्रिजच्या दारात पडून होती, निम्म्याहून जास्त भरलेली. पांढरं झाकण. विचारलं तर म्हणाले, ते बंद केलंय डॉक्टरांनी. म्हटलं, बंद का? म्हणाले, का म्हणजे? बंद म्हणजे बंद. ते म्हणाले थांबवा, मी थांबवलं.

म्हणजे यांचा डोळा बरा झाला, औषध उरलं. ते नाल्यात ओतायचं का?

बाटलीवर नाव लांबलचक आहे आणि अक्षर मुंगीएवढं. लॅबमधल्या भिंगाखाली धरलं असतं तर वाचता आलं असतं. पण मुद्दामच वाचलं नाही. नाव कळलं की मत कलुषित होतं. नाव न बघता केलेल्या चाचणीला इंग्रजीत ब्लाइंड टेस्ट म्हणतात.

डाव्या डोळ्यात पांढरं झाकण, उजव्यात निळं. सुरुवात.

२२ मार्च, रविवार

विश्वास बसत नाही. डावा डोळा ए-वन! उजवा अजून ए-थ्रीवरच घुटमळतोय. चुरचुर गेली, लाली गेली, आरशात बघितलं तर डावीकडे माझं लग्नातलं तोंड आणि उजवीकडे आत्ताचं.

हिला दाखवलं. म्हणाली, खरंच पांढरा दिसतोय हो. मग विचारलं, पण हे बाबांचे थेंब ना? मी म्हटलं, औषधाला नातं नसतं.

३ एप्रिल, शुक्रवार

डावा डोळा: बी-वन. याच्या पुढे पट्टीवर नमुनाच नाही. हिरवं झाकण, कुप्या सगळे बाद. निळं उजव्या डोळ्यात चालू ठेवलंय, तुलनेसाठी. बिचाऱ्या उजव्या डोळ्याचा बळी जातोय, पण शास्त्र आहे.

बारीक अक्षर मात्र धूसरच. पांढरेपणा आधी येतो, नजर मागून येत असेल. रंग आधी बसतो, मग चमक, आमच्या भट्टीतही तसंच.

९ मे, शनिवार

बाटली संपली. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे सासरेबुवांची जुनी चिठ्ठी घेऊन गेलो. त्याने दिली, पण तोंड वाकडं केलं. म्हणाला, हे रोज घालायचं औषध नव्हे काका, कोरडेपणाचं तर नव्हेच, डॉक्टरांना विचारून घ्या.

काका! माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल फार तर. मुळात कोरडेपणाच्या थेंबांत त्यांना टक्का जास्त मिळतो, म्हणून चांगली वस्तू दडवतात. हे सगळ्यांना माहीत आहे.

१८ जून, गुरुवार

रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. रंगीत. आतून जांभळी, बाहेरून तांबडी. बराच वेळ गच्चीत उभा राहून बघितली. डावा डोळा मिटला की जातात, उघडला की येतात.

म्हणजे डावा डोळा इतका स्वच्छ झालाय की आजवर न दिसणारे रंगही त्याला दिसू लागलेत. शेडच्या कामाला हे वरदानच. मॅडमना सांगायचं की नाही, ठरवलं नाही. उगाच कुणाची दृष्ट नको.

हिला गच्चीत बोलावून कडी दाखवली. तिला दिसली नाहीत. ती दिव्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिली.

६ जुलै, सोमवार

कोपऱ्यावरच्या केमिस्टने बाटली द्यायला साफ नकार दिला. नवी चिठ्ठी आणा म्हणाला. मी शांतपणे बाहेर पडलो आणि स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातून तीन घेतल्या. तिथे गर्दी असते, कुणाला काका म्हणायला वेळ नसतो.

बेडरूमचं दार फुगलंय. डावा खांदा रोज चौकटीला आपटतो. सुताराला बोलावलं. त्याने टेप लावून मापलं, म्हणाला, साहेब, दार जसंच्या तसं आहे. हल्ली कारागीर राहिलेत कुठे.

२५ जुलै, शनिवार

आज लॅबमध्ये पोर्सलीन पावडरची बरणी पडली. नवी, सीलसुद्धा उघडलं नव्हतं. मेणबाईने ती माझ्या टेबलावर डाव्या बाजूला ठेवली होती, न सांगता. माणसाने सांगायला नको? मी बोललो तिला. ती म्हणाली, अहो, तुम्हाला सांगूनच ठेवली, तुम्ही हो म्हणालात, आणि तुमच्या डोळ्यांसमोर तर होती.

नव्हती. असती तर दिसली असती.

तिने फरशी पुसली.  मला वाईट वाटलं, पण शिस्त ती शिस्त.

११ ऑगस्ट, मंगळवार

डावा डोळा बी-वन. सलग. एकदाही ढळला नाही.

मध्येच एक विचित्र प्रकार झाला. भट्टीत वाकून बघताना उजव्या डोळ्यात धूळ गेली म्हणून तो मिटला, तर डावीकडे नुसतं धुकं. कडेकडेने काळं, मध्ये थोडीशी खिडकी. मी उजवा डोळा लगेच उघडला.

थेंबांचा थर बसला असणार. मध्यंतरी खूपच नियमित घातलंय. थर विरघळायला वेळ लागतो.

पुन्हा करून बघितलं नाही. गरज वाटली नाही.

२ सप्टेंबर, बुधवार

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. हल्ली लोक माझ्याशी आदराने वागतात.

मेणबाईने तिचं टेबल उचलून माझ्या उजव्या बाजूला आणलं. विचारलं तर म्हणाली, उजेड चांगला येतो इकडे. मॅडम काही द्यायचं असलं की फिरून उजवीकडे येतात आणि वस्तू हातात देतात, टेबलावर ठेवत नाहीत. घरी ही जेवताना उजवीकडे बसते. इतकी वर्षं समोर बसायची. भाजी, पाणी, सगळं उजव्या हाताला. उजवी बाजू मानाची असते. कामाची कदर उशिरा का होईना, होतेय.

फक्त सासरेबुवा डावीकडे. संध्याकाळी फिरायला निघालो की माझा डावा दंड धरतात आणि रस्ता ओलांडून होईपर्यंत सोडत नाहीत. वय झालं त्यांचं, आधार लागतो. मी पण आता पावलं हळू टाकतो, त्यांच्यासाठी.

९ सप्टेंबर, बुधवार

सासरेबुवांनी आज विचारलं, जावईबापू, ते माझे थेंब तुम्ही अजून घालता? मी म्हटलं, घालतो, मस्त आहेत. ते म्हणाले, मला ज्यांनी बंद करायला सांगितलं ते काही माझे वैरी नव्हते. मी हसलो. ते हसले नाहीत.

मग हिच्याशी आत काहीतरी बोलले. दार लोटून. मला पाहून दोघंही गप्प झाली. माझा वाढदिवस जवळ आलाय, त्याचं काहीतरी असणार.

२० सप्टेंबर, रविवार

वाढदिवस झाला. काही नव्हतं तसं. ही म्हणाली, भेट म्हणून एकच मागते, डोळ्याच्या डॉक्टरांकडे चला, मी नंबर लावलाय. मी म्हटलं, भेट मला मिळायची की तुला? तिने डोळ्याला पदर लावला. मला कळेना यात रडण्यासारखं काय आहे. गुरुवारी जाऊ म्हणालो.

कप भरताना चहा मेजावर सांडला. मेज हलकं आहे, सरकतं.

२४ सप्टेंबर, गुरुवार

गेलो नाही. लॅबमध्ये तातडीचं काम. समोरच्या दातांचा ब्रिज, म्हणजे सलग जोडलेल्या कॅपा, त्याची शेड माझ्याशिवाय कोण घेणार? हिने फोनवर एकच शब्द म्हटला, बरं. त्या ‘बरं’मुळे दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

पुढच्या महिन्यात नक्की.

५ ऑक्टोबर, सोमवार

महिन्यात तीन कॅपा परत. मॅडमनी वर येऊन सांगितलं. एक उंच, एकीची कड उघडी, एकीची शेड चुकीची. आवाज चढवला नाही, आणि तेच मला खुपलं. त्या म्हणाल्या, शेड घ्यायचा कॅमेरा आणायचा विचार आहे, तुमचा भार हलका होईल.

कॅमेरा! यंत्राने रंग सांगायचा आणि मी तो नुसता भरायचा. मी म्हटलं, मॅडम, माझा डावा डोळा बी-वन आहे. त्यांना कळलं नाही. समजावून सांगितलं, सगळा प्रयोग, मार्चपासून. त्या ऐकत होत्या. विचारलं, कुठले थेंब? मी म्हटलं, पांढरं झाकण. त्या म्हणाल्या, उद्या बाटली घेऊन या.

बाटली मुद्दाम विसरणार आहे. दुसऱ्याच्या क्षेत्रात नाक खुपसू नये माणसाने.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

उजव्या डोळ्याला बढती द्यायचं ठरवलं. इतके महिने त्याच्यावर अन्याय झाला. सगळा भार आता त्याच्यावरच पडतोय, संध्याकाळपर्यंत दमून जातो बिचारा. त्यालाही पांढरं झाकण. दोन्ही डोळे बी-वन झाले की मॅडमचा कॅमेरा कपाटात जाईल.

डाव्यात हल्ली थेंब पडला की नाही तेच कळत नाही. बाटलीचं टोक येताना दिसत नाही, गार लागलं की समजायचं. नेम चांगला आहे माझा.

उजव्यात सकाळी पहिला थेंब घातला. दुपारी दुसरा.

आज उगाच भीती वाटली. कशाची ते कळलं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

फ्रिजमधून बाटल्या गायब. सगळ्या. कपाटातली राखीवसुद्धा. सासरेबुवा पेपर वाचत होते. मी विचारलं. त्यांनी पेपर खाली न घेता सांगितलं, ओतून टाकल्या. मी म्हटलं, माझं औषध होतं ते. ते म्हणाले, माझं होतं. माझ्या नावाचं. तेव्हाच फेकलं असतं तर बरं झालं असतं, ही चूक माझी.

त्यांच्याशी बोलणं बंद. हिच्याशीही जवळजवळ बंद. उजव्या डोळ्याचा प्रयोग नाइलाजाने तहकूब.

उद्या स्टेशनजवळच्या दुकानात जायचं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

दुकानापर्यंत गेलो नाही. स्टेशनसमोर रस्ता ओलांडताना डावीकडून अचानक बस आली. हॉर्न दिला नव्हता. म्हणजे दिला होता, आवाज आला, पण बस नव्हती, आणि मग एकदम होती. एका बाईने कॉलर धरून मागे ओढलं. शर्टाचं बटण तुटलं.

घरी कुणाला सांगितलं नाही. बटण हिने लावलं. कसं तुटलं विचारलं नाही. 

२९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मॅडमनी खाली दवाखान्यात बोलावलं. खुर्चीत एक शिक्षिका होती, समोरचा दात. स्वतः मॅडम म्हणाल्या, शेड तुम्हीच घ्या. मला बरं वाटलं. कॅमेऱ्याचं खूळ गेलं तर.

पट्टी काढली, नमुना तिच्या दाताशेजारी धरला. माझा डावा हात हत्यारांच्या ट्रेवर पडला. ट्रे खाली. आरसे, चिमटे, सगळं. ट्रे तिथे कधी आला? मॅडमनी पेशंटला म्हटलं, दोन मिनिटं हं. मग मला खिडकीजवळ उभं केलं.

त्यांनी हात वर केला. तळवा माझ्या तोंडासमोर आणला आणि विचारलं, दुसऱ्या हाताची किती बोटं आहेत सांगा.

मी म्हटलं, मॅडम, दोन्ही डोळे झाकलेत तर बोटं कशी मोजू?

 मी पुन्हा म्हटलं, जरा हात काढा ना. मग त्या हळूच म्हणाल्या, मी फक्त उजवा झाकलाय.

मेणबाई जिन्यात उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता हे मी हात काढल्यावर पाहिलं. उजव्या डोळ्याने.

मॅडमनीच हिला फोन केला.

४ नोव्हेंबर, बुधवार

डोळ्यांचं हॉस्पिटल. दिवसभर.

आधी एका मुलीने दोन्ही डोळ्यांत कागदाची पट्टी अडकवली. पाणी किती झिरपतं ते बघायला. म्हणाली, व्यवस्थित आहे, कोरडेपणा नाही. मी म्हटलं, पुन्हा बघा. तिने पुन्हा बघितलं. नाही.

मग डोळ्यांतला दाब मोजला. एकदा, दोनदा, दुसऱ्या यंत्रावर. मशीनवरच्या माणसाने डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टर वयाने लहान, बोलायला शांत. म्हणाले, ते थेंब स्टेरॉइडचे होते. ऑपरेशननंतर सूज जावी म्हणून काही दिवसच देतात. लाली जाते, डोळा पांढरा होतो, बरं वाटतं, आणि काही जणांच्या डोळ्यात आत दाब वाढत जातो. मागची नस दबून वाळते. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

मी विचारलं, डावा कधी येईल परत? किती महिने धरायचे?

ते म्हणाले, गेलं ते येत नाही.

मी म्हटलं, पण रंग बघा ना साहेब. ते म्हणाले, हो, पांढरा आहे. आणि लिहायला लागले.

उजव्याचाही दाब थोडा वाढलाय. तिथे दोनच दिवस गेलं, थोडक्यात वाचला. ते म्हणाले, कुणी थांबवलं वेळेवर? ही म्हणाली, माझ्या वडिलांनी. आता उजव्यासाठी रोज थेंब, कायमचे. मी विचारायला गेलो की यात कुठली कंपनी चांगली, आणि विचारलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, मार्चमध्ये मूळ तक्रार काय होती? मी सांगितलं, बारीक अक्षर धूसर दिसायचं, कपाळ दुखायचं. त्यांनी माझं वय बघितलं. म्हणाले, चाळिशी लागली होती तुम्हाला. वाचायचा चष्मा पुरला असता.

परतताना रिक्षा केली. ही डावीकडे बसली होती. तिने हात धरला तेव्हा कळलं.

७ नोव्हेंबर, शनिवार

चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चिठ्ठी बघून उजव्या काचेचा नंबर लिहून घेतला. मग चिठ्ठी उलटीपालटी केली. म्हणाला, डाव्या काचेचा नंबर लिहायचा राहिलाय वाटतं.

मी सांगणार होतो काहीतरी. ही म्हणाली, राहिला नाही. तिकडे साधी काच घाला.

त्याने लिहून घेतलं. फ्रेमचा रंग हिनेच निवडला. मी बरं म्हटलं.